आधुनिक प्रायोगिक पाश्चात्त्य संगीत आणि श्रोत्याच्या आनंदाचा प्रश्न

प्रस्तावना

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी एक शंका सातत्याने व्यक्त होत आली आहे. सभागृहात बसलेल्या श्रोत्यांना हे संगीत खरोखर आवडते, की ते आवडल्याचे केवळ दाखवतात? बाख, मोझार्ट किंवा बेथोव्हेन यांच्या रचनांविषयी अशी शंका सहसा घेतली जात नाही. शोएनबर्ग, वेबर्न, बूलेझ वा केज यांचे नाव निघाले की मात्र ती हमखास पुढे येते. या शंकेच्या पोटात दोन आरोप दडलेले असतात. श्रोता ढोंगी आहे हा पहिला आणि रचनाकाराने श्रोत्याशी असलेले नाते तोडले आहे हा दुसरा. नवसंगीताच्या समर्थकांचे उत्तरही तितकेच ठरलेले असते. श्रोत्याची तयारी कमी पडते, आणि काळ या संगीताला न्याय देईल, असे ते सांगतात.

या वादात दोन्ही पक्ष 'आवडणे' ही एकजिनसी गोष्ट मानतात आणि 'नवसंगीत' हाही एकच ढीग समजतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही गृहीतकांची तपासणी केली आहे. 'प्रायोगिक' हा शब्द येथे व्यापक अर्थाने वापरला आहे. स्वरकेंद्राचा त्याग करणारे संगीत, बारा स्वरांच्या मालिकेवर उभारलेल्या रचना, यदृच्छेला स्थान देणारे संगीत, ध्वनिपुंजांवर आधारलेल्या रचना आणि छोट्या स्वराकृतींच्या पुनरावृत्तीतून घडणारे संगीत, या सर्वांचा त्यात समावेश होतो. स्वरकेंद्राचा त्याग म्हणजे काय, हे हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला तंबोऱ्यावरून कळू शकेल. षड्ज सतत कानात वाजत असल्यामुळे प्रत्येक स्वराचे स्थान आणि त्याचे परतणे जाणवत राहते. पाश्चात्त्य संगीतात तंबोरा नाही. तरीही सुमारे तीन शतके तेथे आधारस्वराकडे परतण्याची अपेक्षा हेच रचनेचे मुख्य बळ होते. शोएनबर्गने 1908च्या सुमारास हा आधार सोडला आणि श्रोत्याच्या कानाखालची जमीन सरकली.

टाळ्या आणि निषेध : पुराव्याचा प्रश्न

श्रोत्याच्या आनंदाचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे टाळी, आणि नाराजीचा म्हणजे आरडाओरडा. परंतु नवसंगीताचा इतिहास पाहता हे दोन्ही पुरावे फारसे विश्वसनीय ठरत नाहीत. 23 फेब्रुवारी 1913 रोजी व्हिएन्नात शोएनबर्गच्या 'गुरेलीडर' या भव्य रचनेचा पहिला प्रयोग झाला. ही रचना त्याच्या जुन्या, भावोत्कट शैलीतील होती. श्रोत्यांनी तिचे प्रचंड स्वागत केले. परंतु शोएनबर्गने श्रोत्यांकडे पाठ फिरवून फक्त वादकांना अभिवादन केले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, 31 मार्च 1913 रोजी, त्याच शहरात त्याच्या संचालनाखाली दुसरा कार्यक्रम झाला. त्यात वेबर्न, झेमलिन्स्की, बेर्ग आणि स्वतः शोएनबर्ग यांच्या रचना होत्या. बेर्गच्या गीतांच्या वेळी गोंधळ हातघाईवर आला आणि शेवटी ठरलेली माहलरची गीते सादर न होताच कार्यक्रम बंद पडला.

शहर एक, रचनाकार एक, वर्षही एक. पहिल्या संध्याकाळी श्रोत्यांनी जे स्वागत केले ते मुख्यतः आपल्या ओळखीच्या सौंदर्याचे होते, हे रचनाकाराने ओळखले असावे. दुसऱ्या संध्याकाळचा निषेधही निव्वळ सांगीतिक नव्हता. शोएनबर्गच्या गटाविषयीचे पूर्वग्रह सभागृहात आधीच येऊन बसले होते.

पॅरिसमधील उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. 29 मे 1913 रोजी शाँझेलिझे नाट्यगृहात स्ट्राव्हिन्स्कीच्या 'वसंतविधी' या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला. निजिन्स्कीची नृत्यरचना आणि मोंतचे वाद्यवृंदसंचालन असलेल्या या प्रयोगात इतका गदारोळ झाला, की वाद्यवृंद ऐकू येईनासा झाल्याचे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1914 मध्ये, हेच संगीत पॅरिसमध्ये नृत्याशिवाय सादर झाले, तेव्हा श्रोत्यांनी स्ट्राव्हिन्स्कीला खांद्यावर उचलून नेले. 1940 साली वॉल्ट डिस्नेच्या 'फँटेशिया' या चित्रपटात ही रचना वापरली गेली. एका वर्षात पॅरिसकर श्रोत्यांचे कान बदलले असे मानणे कठीण आहे. मे 1913चा निषेध कशाचा होता, संगीताचा की नृत्याचा, की श्रोत्यांतीलच दोन तटांचा, हे प्रश्न त्यामुळे उभे राहतात.

मैफलीतील दाद आणि पाश्चात्त्य सभागृहातील टाळी यांतील भेदही येथे लक्षात घेतला पाहिजे. मैफलीत श्रोता समेवर मान हलवतो, एखाद्या अवघड तानेला तत्क्षणी 'वाहवा' देतो. कोणत्या जागी त्याला काय मिळाले, हे गायकाला आणि शेजाऱ्याला कळते. पाश्चात्त्य सभागृहात श्रोता संपूर्ण रचनेत निःशब्द बसतो आणि अखेरीस एकदाच टाळ्या वाजवतो. ती टाळी रचनेला आहे, वादकांच्या कष्टांना आहे, की संपल्याच्या सुटकेला आहे, हे सांगता येत नाही. नवसंगीताच्या बाबतीत ही संदिग्धता अधिकच वाढते.

ढोंगाचा आरोप आणि एक बनावट रचना

ढोंगाचा आरोप करणारे अनेकदा 1961 सालच्या एका प्रसंगाचा दाखला देतात. 5 जून 1961 रोजी बीबीसीच्या 'थर्ड प्रोग्रॅम' या केंद्रावरून पियोत्र झाक नावाच्या तरुण पोलिश रचनाकाराची, तालवाद्ये आणि ध्वनिफीत यांसाठी लिहिलेली रचना प्रसारित झाली. वस्तुतः झाक नावाचा कोणी रचनाकारच नव्हता. समीक्षक हान्स केलर आणि पियानोवादक सुझन ब्रॅडशॉ यांनी ध्वनिमुद्रणकक्षात तालवाद्यांवर मनाला येईल तसे आघात करून ही 'रचना' तयार केली होती. वृत्तपत्रीय समीक्षकांनी तिची गांभीर्याने दखल घेतली.

या प्रसंगाचा जो अर्थ सामान्यतः लावला जातो तो अपुरा आहे. समीक्षकांना लबाडी ओळखता आली नाही हे खरे. परंतु त्यांनी या रचनेची स्तुती केली नव्हती. त्यांचा अभिप्राय प्रतिकूलच होता. म्हणजे त्यांच्या कानाने योग्य तोच निवाडा दिला होता. मात्र 'यात काहीच नाही' असे स्पष्ट म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही, कारण नवसंगीतात 'काहीच नाही' आणि 'मला अद्याप न कळलेले काही आहे' यांतील सीमारेषा पुसट झाली होती. या प्रसंगाने श्रोता ढोंगी असल्याचे सिद्ध होत नाही. त्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास डळमळीत झाला होता, एवढे मात्र सिद्ध होते, आणि ही गोष्ट ढोंगापेक्षा गंभीर आहे.

थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंताने 1962च्या संगीतसमाजशास्त्रावरील ग्रंथात श्रोत्यांचे प्रकार वर्णिले आहेत. त्यात संस्कृतीचा 'ग्राहक' असलेला एक श्रोता आहे. तो भरपूर ऐकतो, माहिती बाळगतो, पण रचनेच्या घडणीशी त्याचे नाते नसते. विशेष म्हणजे अडोर्नोला हा श्रोता मुख्यतः जुन्या, प्रस्थापित संगीताच्या सभागृहात दिसतो. प्रतिष्ठेसाठी ऐकणे ही नवसंगीताची खासियत नाही. बेथोव्हेनच्या कार्यक्रमातही डुलक्या घेणारे असतात. त्यांच्यावर ढोंगाचा आरोप होत नाही इतकेच.

ऐकणाऱ्याचे व्याकरण

तथापि, सगळा दोष परिस्थितीचा मानून रचनेला निर्दोष ठरवणे हेही एकांगी होईल. लिओनार्ड मेयर या अमेरिकन अभ्यासकाने 1956 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगीतातील भाव आणि अर्थ यांचा संबंध श्रोत्याच्या अपेक्षेशी जोडला. अपेक्षा निर्माण होते, ती लांबते, अडते, चुकवली जाते किंवा पुरी होते, आणि या खेळातूनच भाव जागा होतो. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन तत्त्वांवर कलाकृतीची घडण उभी केली. त्यांची भूमिका मेयरपेक्षा वेगळी आहे. ती मानसशास्त्रावर आधारलेली नसून शुद्ध सौंदर्यभावनेच्या कल्पनेवर उभी आहे. तरीही प्रस्तुत प्रश्नापुरता दोहोंतून एकच धडा निघतो. विरोध जाणवायचा तर आधी काही संवाद प्रस्थापित व्हावा लागतो. जेथे प्रत्येक स्वर आधीच्या स्वराला समान अंतरावरून छेद देतो, तेथे कानाला विरोधही उरत नाही, केवळ एकसारखेपणा उरतो.

1950 नंतरच्या संपूर्ण मालिकाबद्ध संगीतात नेमके हेच घडले. बूलेझच्या दोन पियानोंसाठी लिहिलेल्या 'स्ट्रक्चर्स' (1952) या रचनेच्या पहिल्या भागात स्वर, स्वरांचा कालावधी, आवाजाची तीव्रता आणि आघाताचा प्रकार या सर्वांची मालिका लावलेली आहे. कागदावर ही व्यवस्था अत्यंत काटेकोर आहे. कानाला मात्र ती विस्कळीत ठिपक्यांसारखी भासते. फ्रेड लेरडाल या अमेरिकन रचनाकाराने 1988 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या विसंगतीचे नेमके निदान केले. रचनेचे व्याकरण आणि श्रवणाचे व्याकरण यांत फारकत झाली आहे, असे त्याने दाखवले. बूलेझच्याच 'ल मार्तो सां मेत्र' (1955) या रचनेची मालिकाव्यवस्था अभ्यासकांनाही अनेक वर्षे उलगडली नव्हती, हे त्याचे प्रमुख उदाहरण होते.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. 'ल मार्तो' मधील व्यवस्था कानाला कळत नसली, तरी स्त्रीकंठ, आल्टो बासरी, व्हायोला, गिटार, व्हायब्राफोन आणि तालवाद्ये यांच्या ध्वनिवर्णाचा मेळ कानाला थेट भिडतो. श्रोता व्याकरण चुकवूनही या रचनेत शिरू शकतो. 'स्ट्रक्चर्स'च्या दोन पियानोंत ही दुसरी वाट बंद आहे. पहिल्या रचनेकडे वादक आणि श्रोते पुनःपुन्हा वळतात; दुसरी मुख्यतः अभ्यासवर्गात टिकून राहिली. बूलेझनेही तो काटेकोरपणा पुढे सोडून दिला. अशा वेळी 'श्रोता तयार नाही' हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

मिल्टन बॅबिट या रचनाकाराने 1958 साली वेगळी, अधिक प्रामाणिक भूमिका घेतली. त्याचा लेख 'तुम्ही ऐकता की नाही याची पर्वा कोणाला?' अशा आशयाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. हे शीर्षक संपादकांनी दिलेले होते; बॅबिटचे मूळ शीर्षक रचनाकाराला तज्ज्ञ म्हणणारे होते. प्रगत गणित वा भौतिकशास्त्र सामान्य माणसाला कळत नाही म्हणून ते बंद करत नाहीत. तसेच प्रगत संगीतालाही विद्यापीठाने आश्रय द्यावा, असा त्याचा युक्तिवाद होता. संशोधन म्हणून हा दावा मान्य करता येतो. परंतु तो मान्य केला की सभागृहातील श्रोत्याला दोष देण्याचा हक्क आपोआप संपतो. गणितज्ञ आपले प्रमेय न आवडल्याबद्दल वाटसरूला असंस्कृत म्हणत नाही.

विघ्ने आणि त्यांचे निवारण

रचना आणि श्रोता यांच्यामधल्या अडथळ्यांचा विचार करण्यासाठी अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त सांगितलेली सात रसविघ्ने उपयुक्त ठरतात. ही विघ्ने नाट्याच्या संदर्भातील आहेत, त्यामुळे त्यांचा संगीताकडे केलेला विस्तार हा केवळ विश्लेषणाच्या सोयीसाठी आहे. विघ्नरहित प्रतीती म्हणजेच चमत्कार, अशी अभिनवगुप्ताची भूमिका आहे. म्हणजे आस्वाद ही बाहेरून आणून घालायची वस्तू नाही. अडथळे दूर झाले की ती प्रतीती आपोआप फुलते.

या सातांपैकी चार विघ्ने नवसंगीताच्या श्रोत्याला विशेष छळतात. पहिले संभावनाविरह. समोर जे घडते आहे ते संगीत असूच शकत नाही, असे वाटले की मन तेथे विसावतच नाही. दुसरे प्रतीत्युपायवैकल्य, म्हणजे आकलनाची साधने अपुरी असणे. नवी रचना बहुधा एकदाच ऐकायला मिळते आणि एका श्रवणात तिची खूण पटत नाही. तिसरे संशययोग. 'ही थट्टा तर नव्हे?' हा प्रश्न ऐकताना मनात जागा राहतो. झाक-प्रसंगाने हे विघ्न अधिकच बळकट केले. चौथे अप्रधानता, म्हणजे जे मुख्य असावे ते गौण होणे.

शोएनबर्गने नोव्हेंबर 1918 मध्ये व्हिएन्नात स्थापन केलेली खासगी संगीतसादरीकरणाची संस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 1921 पर्यंत ती कार्यरत होती. तेथे टाळ्या आणि निषेध या दोहोंना बंदी होती. वृत्तपत्रीय समीक्षकांना प्रवेश नव्हता. त्या दिवशी काय वाजणार हे आधी जाहीर केले जात नसे. तालमी भरपूर होत, आणि महत्त्वाचे म्हणजे रचना पुनःपुन्हा सादर केल्या जात. प्रत्येक नियम एकेका विघ्नावरचा उपाय आहे. पुनरावृत्ती उपायवैकल्य कमी करते, कसून केलेल्या तालमी अस्फुटता घालवतात, आणि टाळी-निषेधाची बंदी श्रोत्याला शेजाऱ्याच्या नजरेतून मुक्त करते. या संस्थेवर बंदिस्तपणाचा आक्षेप घेता येतो आणि तो रास्तही आहे. पण श्रोत्याच्या प्रामाणिक प्रतिसादाचा इतका गंभीर विचार त्या काळी क्वचितच झाला असेल.

बूलेझने याच्या अगदी उलट, खुल्या मार्गाने तेच साधण्याचा प्रयत्न केला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीतसंचालक असताना (1971–77) त्याने जून 1973 मध्ये सभागृहातील खुर्च्या काढून गालिचे अंथरले आणि जुन्या-नव्या रचना एकत्र मांडल्या. तरुण श्रोत्यांनी या कार्यक्रमांना चांगली गर्दी केली. बैठकीची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला यात नवल वाटणार नाही. बसण्याची पद्धत बदलली की ऐकण्याची पद्धतही बदलते. त्याच वर्षी जानेवारीत, त्याच शहरातील कार्नेगी हॉलच्या खुर्च्यांवर बसलेल्या श्रोत्यांनी स्टीव्ह राइशच्या 'फोर ऑर्गन्स' या रचनेच्या वेळी निषेधाचा गलका केला होता. एकच स्वरसंघात हळूहळू लांबवत नेणारी ती रचना नेहमीच्या वाद्यवृंदाच्या श्रोत्यांपुढे आली होती. राइशचीच 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स' ही 1976 साली प्रथम सादर झालेली रचना मात्र ध्वनिमुद्रणामुळे अभिजात संगीताच्या रूढ वर्तुळाबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. ती घरी, स्वेच्छेने, हवी तितक्यांदा ऐकता येत होती.

चित्रपटाचा दाखला मात्र सावधपणे वापरला पाहिजे. स्टॅन्ली कुब्रिकच्या '2001 : अ स्पेस ओडिसी' (1968) या चित्रपटात लिगेटीच्या 'अ‍ॅत्मॉस्फेर' आणि 'लुक्स एतेर्ना' यांसारख्या रचना आहेत, आणि जगभरच्या प्रेक्षकांनी त्या विनातक्रार ऐकल्या. त्यावरून सामान्य श्रोत्याला हे संगीत आवडते असा निष्कर्ष अनेक जण काढतात. परंतु तेथे चौथे विघ्न, अप्रधानता, काम करत असते. प्रेक्षक दृश्याचा अद्भुत वा भयानक अनुभव घेत असतो. संगीत त्या अनुभवाची सामग्री असते. चित्रपटाने कानाची भीती घालवली, संभावनाविरह दूर केला, हे मान्य करावे. पण चित्रपटातले सहन करणे म्हणजे संगीताचा आस्वाद नव्हे.

कैद्यांची छावणी आणि देवगिरी

आस्वादासाठी रचनेचे व्याकरण ठाऊक असावेच लागते का, या प्रश्नावर ऑलिव्हिए मेसियाँच्या 'काळाच्या अंतासाठी चतुष्टय' या रचनेचे उदाहरण प्रकाश टाकते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युद्धकैदी केलेल्या मेसियाँने ही रचना ग्योर्लिट्झच्या छावणीत पूर्ण केली आणि 15 जानेवारी 1941 रोजी कडाक्याच्या थंडीत ती कैदी व पहारेकऱ्यांसमोर सादर झाली. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो ही वाद्ये होती. इतक्या एकाग्रतेने आणि समजुतीने आपले संगीत पुन्हा कधी ऐकले गेले नाही, असे मेसियाँने पुढे सांगितले.

या रचनेच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांवर बांधलेली आहे. हे ताल मेसियाँला एका फ्रेंच संगीतकोशातून मिळाले. त्या कोशात शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तील 120 देशी तालांची यादी होती. शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला होता. महाराष्ट्राच्या भूमीवर संकलित झालेले ताल अशा रीतीने सात शतकांनंतर एका कैद्यांच्या छावणीत वाजले. तेथील श्रोत्यांपैकी कोणाला या तालांची नावे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्यांना जे मिळाले ते सनाद स्वर, संथ गती आणि काळ थांबल्याचा भास, यांतून मिळाले असावे. रचनाकाराची साक्ष ही शेवटी रचनाकाराचीच साक्ष आहे, आणि कैदी उठून जाऊ शकत नव्हते, हेही विसरता येत नाही. परंतु नंतरच्या आठ दशकांत मुक्त श्रोते या रचनेकडे सतत येत राहिले आहेत, आणि ती साक्ष अधिक भक्कम आहे.

भारतीय सौंदर्यविचाराचा दुसरा धागा जॉन केजच्या संगीतात दिसतो. अहमदाबादच्या गीता साराभाई यांच्याकडून 1946च्या सुमारास केजने भारतीय संगीतविचाराचे धडे घेतले. 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (1946–48) ही सज्ज केलेल्या, म्हणजे तारांत स्क्रू, रबर इत्यादी बसवलेल्या पियानोसाठीची रचना करताना नवरसांची आणि त्यांच्या शांताकडे असलेल्या ओढीची कल्पना त्याच्यासमोर होती. ही रचना श्रोत्याला सहज भावते. 29 ऑगस्ट 1952 रोजी डेव्हिड ट्यूडरने सादर केलेली त्याची '4 मिनिटे 33 सेकंद' ही निःशब्द रचना मात्र वेगळ्या जातीची आहे. तिच्यातील कल्पना एकदा कळली की पुन्हा ऐकण्याची निकड उरेलच असे नाही. दोन्ही रचना एकाच 'प्रायोगिक' खात्यात टाकल्या, तर आस्वादाविषयी काहीच अर्थपूर्ण बोलता येत नाही.

'लोकांना आवडत नाही' या वाक्याचा इतिहास

श्रोत्याच्या बाजूने बोलताना एक धोका डोळ्यांआड करता येत नाही. शोस्ताकोविचचा 'म्त्सेन्स्क जिल्ह्याची लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा 1934 पासून लेनिनग्राद आणि मॉस्को येथे श्रोत्यांची गर्दी खेचत होता. 28 जानेवारी 1936 रोजी 'प्रावदा'ने त्याला संगीताऐवजी गोंधळ ठरवले आणि जनतेच्या नावाने त्याचा धिक्कार केला. जनता तिकिटे काढून तो ऐकत होती, ही वस्तुस्थिती निरुपयोगी ठरली. जर्मनीत बेर्गच्या 'वोत्सेक'चे असेच झाले. 1925 साली बर्लिनमध्ये प्रथम सादर झालेल्या या ऑपेराचे, त्यात स्वरकेंद्राचा बहुतांशी त्याग असूनही, अनेक नाट्यगृहांत प्रयोग होत होते. 1933 नंतर नाझी राजवटीत ते बंद पडले. 1938 साली ड्युसेलडॉर्फ येथे 'अधःपतित संगीता'चे प्रदर्शन भरवण्यात आले आणि त्यात शोएनबर्ग, क्रेनेक, वाइल प्रभृतींची जाहीर अवहेलना झाली.

दोन्ही ठिकाणी 'लोकांना हे खरोखर आवडत नाही' हे विधान लोकांनी केलेले नव्हते. श्रोत्याचा कौल त्याच्या वतीने दुसऱ्यानेच जाहीर केला. म्हणूनच 1956 साली सुरू झालेल्या 'वॉर्सा ऑटम' महोत्सवात स्टॅलिनकालीन बंधनांतून सुटलेल्या पोलिश श्रोत्यांना नवसंगीत ऐकणे हाच स्वातंत्र्याचा अनुभव वाटला असल्यास आश्चर्य नाही. तो आनंद निव्वळ सांगीतिक नव्हता, पण तो खोटाही नव्हता.

याच पोलंडमधील हेन्रिक गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी (1976) हे नवसंगीताच्या लोकप्रियतेचे उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. 1992 साली निघालेल्या तिच्या ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. मात्र या सिंफनीत गुरेत्स्कीने आपली पूर्वीची तीव्र प्रायोगिक शैली बाजूला ठेवून संथ, सरळ स्वररचना स्वीकारली होती. तिचे यश प्रयोगाच्या खात्यावर जमा करणे न्याय्य होणार नाही. एवढे मात्र त्यातून दिसते, की गंभीर, शोकमग्न आणि दीर्घ संगीत ऐकण्याची श्रोत्यांची तयारी समर्थक आणि विरोधक दोघेही समजतात त्यापेक्षा अधिक आहे.

समारोप

श्रोत्याच्या आनंदाचा खरेपणा टाळ्यांवरून, निषेधावरून वा समीक्षेवरून ठरवता येत नाही, हे उपरोक्त विवेचनावरून दिसून येते. त्याहून विश्वसनीय निकष एकच उरतो आणि तो म्हणजे स्वेच्छेने केलेले पुनःश्रवण. प्रतिष्ठेसाठी माणूस एकदा सभागृहात जाईल, दोनदा जाईल. परंतु कोणी पाहत नसताना, स्वतःच्या घरी, तीच रचना तो दहाव्यांदा लावणार नाही. हा निकष खपाच्या आकड्यांचा नाही. थोड्याच श्रोत्यांनी, पण पिढ्यान्पिढ्या, एखादी रचना पुन्हा ऐकली तरी तो पुरा होतो.

या निकषावर 'नवसंगीत' हा ढीग विस्कटतो. 'वसंतविधी', 'वोत्सेक', मेसियाँचे चतुष्टय, लिगेटीच्या ध्वनिपुंजांच्या रचना, केजचे सज्ज पियानोचे संगीत आणि राइशची पुनरावृत्तिप्रधान रचना यांकडे श्रोते परतले आहेत. त्यांच्या आनंदावर शंका घेण्यास आधार नाही. 1950च्या दशकातील काटेकोर मालिकाबद्ध संगीताच्या वाट्याला आदर आला, अभ्यास आला, पण परतणारा श्रोता फारसा आला नाही. सात दशके उलटून गेल्यावर 'काळ न्याय देईल' हे आश्वासन त्याच्या बाबतीत आणखी पुढे ढकलणे कठीण आहे. काळाने जो न्याय द्यायचा तो बहुधा दिलेला आहे.

मात्र हा निवाडा देण्याचा अधिकार प्रत्यक्ष ऐकणाऱ्यालाच आहे आणि तो ऐकल्यानंतरच बजावता येतो. त्यासाठी संयोजकांना करता येण्यासारखी गोष्ट साधी आहे. नवी रचना एकाच संध्याकाळी दोनदा सादर करावी. एकदा मध्यंतरापूर्वी, एकदा नंतर. दुसऱ्या वेळी ज्यांना उठून जायचे असेल त्यांना मोकळेपणाने जाऊ द्यावे. जे आपल्या जागेवर परत येऊन बसतील, त्यांना ती रचना खरोखर हवी आहे असे मानण्यास हरकत नसावी.